‘अचल’ कीं ‘आचार’? चिनी लिपींतील एका अक्षराचा विचार

बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीचा डोंगर आहे. प्राचीन लेखांतील कृष्णगिरि तो हाच. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे मोठ्या चैत्यगृहांत, गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंच्या दानाचा प्राकृत लेख आहे. तो यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा मानतात. त्यांत भद्रायणीय आचार्यांचा उल्लेख असून ज्या थेरांचीं नांवें कोरलीं आहेत त्यांत ‘भदंत अचल’ हें एक आहे. या नांवामुळें आमच्या टांचणवहींतील एक जुनी चूक आमच्या ध्यानांत आली. तेंच या लेखाचें निमित्त होय.

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला होता. त्याचा ग्रंथ ६४६ त पुरा झाला. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत, खोल दरींत असलेल्या एका विहाराचें वर्णन त्यानें केलें आहे : सत्तर चिनी फुटांहून उंच पाषाणमूर्ति, भिंतींवर तथागताच्या चरित्रांतील प्रसंग, दाराबाहेर दगडी हत्ती. हें वर्णन अजिंठ्याचें, याविषयीं विद्वानांत फारसा मतभेद नाहीं. विहार बांधणारा अर्हत् पश्चिम हिंदुस्थानचा होता. त्याची मृत आई या देशांत पुन्हा जन्मली, तिला त्यानें उपदेश केला आणि मातृऋण फेडण्यासाठीं हा विहार बांधला, अशी कथा तेथें आहे. या अर्हताचें नांव बीलनें १८८४ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘आचार’ असें दिलें. तेंच आम्ही निमूटपणें वहींत उतरून घेतलें होतें.

मूळ चिनी लिपींत हें नांव तीन अक्षरांनीं लिहिलें आहे. पहिल्यावरून अ कीं आ हें कळत नाहीं, दुसरें च साठीं. सर्व वाद तिसऱ्याचा. त्याचा मूळ अर्थ ‘पक्षी धरण्याचें जाळें’. आज उच्चार ‘लुओ’, परंतु तांग काळीं तो ‘ला’च्या जवळ होता. परभाषेंतील नांवें लिहितांना अर्थ टाकून केवळ ध्वनि घेत. आणि त्या काळच्या चिनी भाषेंत र नव्हता! त्यामुळें एकच अक्षर र व ल या दोहोंचें काम करी. पुलकेशीच्या नांवांत तेंच अक्षर ल साठीं आहे. उलट, आमच्या अर्हताच्या नांवाला लागूनच येणाऱ्या ‘अर्हत्’ या शब्दांत तें र साठीं आहे. एका ओळींत दोनदां तेंच अक्षर, आणि वाचकानें काय समजावें? पुढें मंत्र लिहितांना ही अडचण इतकी जाणवली कीं, र साठीं त्याच अक्षरास मुखाचें चिन्ह जोडून निराळें अक्षर योजूं लागले. मंत्रांत ध्वनि चुकला तर फल चुकतें, ही भीति तिकडेही होतीच.

मग बीलनें र कां घेतला? आंध्र देशाच्या प्रकरणांत हेंच नांव आलें असून तेथें अर्थ दिला आहे : ‘जें आचरिलें जातें तें’. हा अर्थ आचाराचा. अचलाचें चिनी भाषांतर ‘न हलणारा’ असें होतें. त्या नांवाची क्रोधदेवता चीन व जपानांत याच अर्थानें प्रसिद्ध आहे. तेव्हां यात्रेकरूनें ‘आचार’ ऐकलें किंवा मानलें, हें निर्विवाद.

परंतु अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत बुद्धभद्र भिक्षूचा पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील संस्कृत लेख आहे. त्यांत शास्त्याचें शैलगृह करविणाऱ्या स्थविराचें नांव ‘अचल’ असें स्पष्ट कोरलें आहे. ब्राह्मी लिपींत र आणि ल यांचा घोटाळा होत नाहीं. शिवाय त्यास ‘कृतज्ञ’ हें विशेषण लावलें आहे. आईचे उपकार फेडणाऱ्या अर्हताच्या कथेशीं तें चांगलें जुळतें. आमच्या मतें अजिंठ्यापुरता निर्णय शिलालेखाचा. यात्रेकरू स्वतः त्या दरींत उतरला होता असें मानण्यास आधार नाहीं, आणि ऐकीव नांवापेक्षां दगड वरचढ.

कान्हेरीचा भदंत अचल तोच हा, असें म्हणण्याचा मोह होतो; अर्हत् पश्चिमेकडचा होता हें त्यास पोषकही वाटेल. पण दोन लेखांत सुमारें तीन शतकांचें अंतर आहे. नामसाम्यावर इतका भार घालणें आम्हांस मान्य नाहीं. ‘अचल’ हें नांव पश्चिमेकडील थेरांत प्रचारांत होतें, एवढेंच कान्हेरीवरून सिद्ध होतें.

वहींत अजिंठ्यापुढील ‘आचार’ खोडून आम्ही ‘अचल’ लिहिलें आहे. आंध्र प्रकरणापुढील ‘आचार’ मात्र तसाच ठेविला आहे.