स्नोपासून सीरमपर्यंत

सुनेनं आमच्या सिल्वासाच्या घरात आरशासमोर ड्रॉपरची बाटली ठेवली. ‘मम्मी, रात्री तोंड धुऊन चार थेंब लावा. ब्राइटनिंग सीरम आहे.’ चष्मा लावून लेबल वाचलं : नायसिनामाइड. म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. हसूच आलं. ही तर जुनी ओळख!

आईच्या कपाटात ‘अफगाण स्नो’ असे. नाव परदेशी, जन्म मुंबईचा, १९१९मध्ये ई. एस. पाटणवालांनी तो बाजारात आणला. पुढे १९७५मध्ये हिंदुस्थान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’ आली, तिच्यात हेच नायसिनामाइड. त्वचेत रंग तयार होणं ते थांबवत नाही. तयार झालेला रंग वरच्या पेशींत पोचणं कमी करतं. म्हणून फरक हळूहळू दिसतो आणि लावणं सोडलं की जातोही.

मला पाहायला आलेली मंडळी ‘मुलगी गुणी आहे, पण...’ म्हणून उठली होती. दुसऱ्या दिवशी आईनं ती ट्यूब माझ्या उशाशी ठेवली. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

२०२०मध्ये नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. उशिरा का होईना, गेला!

सीरम दोन महिने लावलं. गच्चीवर पापड वाळवताना पडलेले वांग जरा फिके झाले. पण सोबत सनस्क्रीनही लावत होते, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? परवा पाच वर्षांची नात विचारत होती, ‘दादी, मला पण लाव ना.’ बाटली मी वरच्या फळीवर ठेवली.