फी, शुल्क, नादारी

महाराष्ट्रातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाच्या फीची पावती घ्यावी आणि आकडे बाजूला ठेवून तिच्यावरचे नुसते शब्द वाचावेत. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विकास शुल्क, विलंब शुल्क, ग्रंथालय अनामत. रक्कम एकदम झेपणारी नसेल तर हप्ता. आणि बोलताना या सगळ्याला मिळून एकच शब्द, फी. संस्कृत, अरबी, फारसी आणि इंग्रजी एका चिठोऱ्यावर नांदताहेत. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द आधी दुसरेच काम करीत होता.

‘शुल्क’ पाहू. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एक कवी इंद्राला सांगतो की कितीही मोठे शुल्क मिळाले तरी मी तुला देणार नाही. इथे अर्थ उघड उघड ‘किंमत’ असा आहे. शब्दाची व्युत्पत्ती अभ्यासकांत एकमताने ठरलेली नाही. पण त्याची पुढची वाटचाल बरीच स्पष्ट दिसते. पाणिनीने पाचव्या अध्यायात एका सूत्रात वृद्धी, आय, लाभ, शुल्क आणि उपदा हे पाच शब्द एका ओळीत बसवले आहेत. पाणिनीवरची टीका काशिकावृत्ती त्यांतल्या ‘उपदा’चा अर्थ ‘उत्कोच’, म्हणजे लाच, असा करते आणि ‘शुल्क’ म्हणजे रक्षणाच्या मोबदल्यात राजाला मिळणारा भाग असे सांगते. ही रक्षणाची खूण लक्षात ठेवावी, पुढे ती अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

कौटिल्याच्या काळापर्यंत शुल्क वेशीवर येऊन उभे राहिलेले दिसते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नगराच्या महाद्वाराशी त्याची ध्वज लावलेली शुल्कशाला आहे. आणि बाहेरून आत येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा भाग घ्यावा असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे आत प्रवेश हवा असेल तर आधी शुल्क. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या पालकांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच शब्दाची दुसरी एक वाट फार दुःखाची आहे. वधूच्या बापाने घेतलेले मोल तेही शुल्कच. रामायणात जनक सीतेला ‘वीर्यशुल्का’ म्हणतो, पराक्रम हेच जिचे मोल अशी. मनुस्मृती बापाने शुल्क घेण्याला अपत्यविक्रय ठरवते. तरीही चाल टिकली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेलुगूत गुरजाड अप्पाराव यांनी तिच्यावर ‘कन्याशुल्कम्’ हे नाटक लिहिले. आपल्याकडे देवलांची ‘शारदा’ १८९९ची, विषय तोच. पण मराठी नाटकाच्या नावात ‘शुल्क’ नाही. त्या काळच्या मराठी कानाला हा शब्द घरचा वाटत नसावा.

का वाटत नसावा? कारण जकातीने त्याची जागा घेतली होती. ‘ज़कात’ हा मुळात शुद्धीशी संबंध असलेला अरबी शब्द. मिळकतीतला एक भाग दान करून उरलेली शुद्ध करायची, असा धर्मविहित अर्थ. दख्खनमध्ये आल्यावर तो नाक्यावर बसला आणि कौटिल्याच्या शुल्काध्यक्षाचा जकातदार झाला. त्याआधी काय होते, हे शेजारी गेल्याशिवाय कळत नाही. ‘शुल्क’चे प्राकृत रूप ‘सुंक’, पालीत ‘सुङ्क’. कानडीने ते उचलले आणि आजतागायत सांभाळले. चालुक्यकालीन कानडी शिलालेखांत ‘सुंक’ येतो, मोठ्या जकातीला ‘पेर्जुंक’ येतो. बंगळुरात ‘सुंकदकट्टे’ नावाची वस्ती आहे, म्हणजे जकातनाकाच. तमिळमध्ये त्याचे ‘सुंगम्’ झाले. पहिल्या कुलोत्तुंग चोळाला ‘सुंगम् तविर्त्त’, म्हणजे जकात उठवणारा, असे बिरुद लाभले. कर उठवल्याबद्दल राजाला बिरुद मिळावे, हे मला त्या लोकांच्या स्मरणशक्तीचे लक्षण वाटते. कानडीत आज तत्सम ‘शुल्क’ आणि तद्भव ‘सुंक’ दोन्ही जिवंत आहेत: विद्यापीठ घेते ते शुल्क, नाक्यावर लागते ते सुंक. सख्ख्या भावांनी कामे वाटून घेतलेली आहेत.

मराठीत मात्र तद्भव मागे पडला आणि तत्सम पुढे राज्यकारभाराच्या परिभाषेतून परतला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, राज्यकारभाराला मराठी शब्दांची गरज लागली, आणि ‘शुल्क’ला एकदम कितीतरी नेमणुका मिळाल्या. सीमाशुल्क, मुद्रांक शुल्क, राज्य उत्पादन शुल्क, शिक्षण शुल्क. दारूच्या बाटलीवरचा आकार आणि विद्येवरचा आकार यांना सरकारी मराठीत एकच शब्द आहे. शब्द सोयीचा आहे, पण त्यात वेशीचा आणि वसुलीचा वास अजून आहे असे मला वाटते.

बोलण्यात अर्थातच फी. आता या परक्या पाहुण्याचे कूळ बघा. इंग्रजी शब्द सरंजामी जमिनीच्या ‘फीफ’शी जोडलेला, तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्या मागे जर्मानिक ‘फेहु’ असावा असे बहुतेक कोशकार मानतात. ‘फेहु’ म्हणजे गुरेढोरे, आणि म्हणून संपत्ती. त्याचा लॅटिन भाऊ ‘पेकु’, ज्यापासून पैशाला ‘पेकुनिया’ म्हणू लागले. आणि संस्कृत भाऊ आपला ‘पशु’. हे नाते मान्य केले तर फी आणि पशु एकाच दावणीचे ठरतात.

इथेच ‘दक्षिणा’ आठवते. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि कुशल. लॅटिन ‘डेक्स्टर’ त्याचाच नातलग. यज्ञात ऋत्विजाला द्यायची ती दक्षिणा मुळात गाय, भरपूर दूध देणारी, म्हणून ‘दक्षिणा’ हे तिचे विशेषण असावे. पुढे गाय गळून विशेषणच देण्याचे नाव झाले. म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या फीच्या पोटात गुरे आणि इकडच्या दक्षिणेच्या पोटातही गाय.

फरक आहे तो वेळेचा. शुल्क आधी, दक्षिणा नंतर. विद्या पुरी होईपर्यंत गुरूला काही देऊ नये, स्नान करून घरी परतताना यथाशक्ती द्यावे, असा धर्मशास्त्राचा कल. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातल्या कौत्साची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याचे गुरू वरतंतू काही नको म्हणत होते, शिष्याने हट्ट धरला, तेव्हा चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले गेले. कौत्स ती रक्कम घरून आणत नाही. तो राजाकडे जातो, आणि सर्वस्व दान करून मातीचे भांडे उरलेला रघू तिची तजवीज करतो. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च राज्याने उचलायचा, ही कल्पना कालिदासाच्या श्रोत्यांना विचित्र वाटत नव्हती असे दिसते. त्याच कालिदासाने मालविकाग्निमित्रात पोटासाठी विद्या वापरणाऱ्याला ज्ञान हेच ज्याचे पण्य असा वाणी म्हटले आहे.

ठरवून पैसे घेऊन शिकवणाऱ्याला स्मृतिकार ‘भृतकाध्यापक’ म्हणतात आणि श्राद्धाच्या पंक्तीतून उठवतात, त्याच्याकडे शिकणाऱ्यालाही. ‘भृतक’मधला धातू भृ, सांभाळणे, पोसणे, त्यापासून भृती म्हणजे मजुरी. आणि याच धातूतून आपले ‘भरणे’ आले. कानडी माणूस फी ‘कट्टतो’, म्हणजे बांधतो. तमिळमध्ये तर ‘कट्टु’वरूनच ‘कट्टणम्’ हा फीचा शब्द झाला. आपण फी भरतो. नकळत आपण अजून गुरूच्या भरणपोषणाचीच भाषा बोलत आहोत.

सराव मात्र शास्त्राइतका सोवळा नसावा. जातककथांतल्या तक्षशिलेत आचार्य नव्या विद्यार्थ्याला सरळ विचारतो: ‘आचरियभाग’ आणला आहेस, की ‘धम्मन्तेवासिक’ होणार? आचरियभाग म्हणजे आचार्यांचा वाटा, बहुधा हजार नाणी. तो देणारा थोरल्या मुलासारखा राहून शिकतो; दुसरा दिवसा आचार्यांची कामे करतो आणि रात्री शिकतो. फी न भरणाऱ्याला ‘धर्माने जवळ राहणारा’ असे नाव दिलेले आहे, हे मला फार आवडते. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही त्याच जातीची, आणि तिच्या नावातही दयेचा सूर नाही.

दक्षिणेने पुण्यात आणखी एक वळण घेतले. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू आटवली गेली; तिच्यातून १८२१ची संस्कृत पाठशाळा चालली, १८५१मध्ये ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी झाली, आणि पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. शिष्याकडून गुरूकडे जाणारी दक्षिणा आता राज्याकडून विद्यार्थ्याकडे येऊ लागली. शब्द तोच राहून प्रवाहाची दिशा अशी उलटी होणे क्वचितच पाहायला मिळते.

फीच्या बाजूने मात्र १८५४चा वुडचा खलिता उभा होता: सरकारी अनुदान हवे असेल तर शाळेने विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी. २८ वर्षांनी हंटर कमिशनपुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्रश्न मुळापासून मांडला. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. फी कोण भरतो, असे विचारले तर खिडकीपुढचा विद्यार्थी दाखवता येतो. शुल्क कोणी दिले, असे विचारले तर शेतकऱ्यापर्यंत जावे लागते.

‘ट्यूशन’चे प्रकरण निराळे. लॅटिन ‘तुइतिओ’ म्हणजे राखण, पालकत्व; ‘ट्यूटर’ म्हणजे राखणारा. काशिकेने शुल्काला रक्षणाचा मोबदला म्हटले होते, आणि इकडे रक्षण या अर्थाचाच शब्द शिकवण्याला व पुढे शिकवण्याच्या मोबदल्याला लागला. दोन्हीकडे रक्षण आणि पैसा शेजारी आले, हा योगायोग असावा, पण देखणा आहे. आपल्याकडे ‘ट्यूशन’ खासगी शिकवणीला लागला, अमेरिकेत तो खुद्द रकमेचे नाव झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८च्या कायद्यात राज्याच्या रहिवाशांना शिक्षण मोफत देण्याचा संकल्प होता. त्यामुळे १९७०च्या सुमारास मोठी आकारणी सुरू झाली तेव्हा तिला ‘ट्यूशन’ म्हटले नाही, ‘एज्युकेशनल फी’ म्हटले. रक्कम वाढत गेली, शब्द मात्र चाळीस वर्षे टाळला गेला. अखेर २०१०मध्ये नियामक मंडळाने त्या आकाराचे नाव ‘ट्यूशन’ असे केले. जर्मनीत ‘गेब्यूर’ म्हणजे आकारणी जाऊन २०१४पर्यंत सगळ्या राज्यांत पहिल्या पदवीचे शिक्षण निःशुल्क झाले. ‘बायट्राग’, म्हणजे आपल्याकडची वर्गणी म्हणावी तशी सत्राची रक्कम, ती उरली.

नावाने असा फरक पडतो का? पडतो, आणि आपल्याकडेही पडतो. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालच्या विद्यापीठांत शुल्काचे प्रस्ताव समित्यांतून व्यवस्थापन परिषदेपर्यंत जातात. अनुदानित तुकडीचे शिक्षण शुल्क कमी असते. त्याच महाविद्यालयातल्या ‘नॉन-ग्रँट’ तुकडीचे कितीतरी पट. त्यावर सवलत येते ती शीर्षक पाहून. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जी शंभर टक्के सवलत मिळाली, ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची. तेच रुपये विकास शुल्क किंवा इतर शुल्क या शब्दांखाली गेले की ते घरच्यांनाच भरावे लागतात.

पावतीवरची ‘अनामत’ मूळची ‘अमानत’, म आणि न यांनी जागा बदलल्या. इमान आणि आमीन तिचे सगोत्र. विश्वासाने ठेवलेली वस्तू, म्हणून परत मिळायची. गुजरातीत ‘अनामत’ म्हणजे आरक्षण, राखून ठेवलेली जागा. ‘हप्ता’ फारसी ‘हफ्त’चा, म्हणजे आपलाच ‘सप्त’. आणि ‘नादारी’: फारसी ना आणि दार, ज्याच्यापाशी नाही तो. जमीनदार, फौजदार, मामलेदार यांच्यातला ‘दार’ इथे नाकारला गेला. न्यायालयात नादार म्हणजे दिवाळे निघालेला. शाळेत नादार म्हणजे ज्याची फी माफ झाली तो. कित्येक पिढ्या ‘पूर्ण नादारी’, ‘अर्धी नादारी’ हे शब्द वर्गात मोठ्याने वाचले जात. नंतर ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, आली, आता ‘शुल्क प्रतिपूर्ती’. प्रतिपूर्ती हा शब्द नादारीपेक्षा चांगला, कारण त्यात विद्यार्थ्याचे दारिद्र्य बोलत नाही, राज्याचे देणे बोलते. ते वेळेवर मिळाले तरच शब्द खरा.

विद्यापीठाच्या प्रमुखाला आपण ‘कुलपती’ म्हणतो. परंपरेने दिलेली या पदाची व्याख्या अशी की दहा हजार शिष्यांना अन्न देऊन, पोसून जो शिकवतो तो कुलपती. पद घेतले आहे तर व्याख्येतले पोसणेही घ्यावे, आणि सार्वजनिक विद्यापीठांनी जे शिकवण्यासाठी घेतात त्याला शिक्षण शुल्कच म्हणावे, म्हणजे ज्यांना माफी आहे त्यांना ती पूर्ण मिळेल. वाचकांपैकी ज्यांच्याकडे आपल्या किंवा आईवडिलांच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या टाकू नयेत. त्यांवरची शीर्षके सालासह उतरवून ठेवावीत. कोशात सापडणार नाही असा बराच मजकूर तिथे आहे.