दादांचा माइक आणि 'ड' तुकडीतला ॲम्प्लिफायर

मी इतिहास आणि मराठीचा मास्तर. विजेचा आणि माझा संबंध फ्यूज बांधण्यापुरता. तरीही आज ॲम्प्लिफायरवर लिहायला बसलो आहे, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी यावरून एक छोटं महाभारत झालं, आणि ते मिटवता मिटवता मला आमच्या भागाचा थोडा वेगळाच इतिहास वाचावा लागला.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते भजनी माणूस. आता वय चौऱ्याऐंशी. तिवसा तालुक्यात राहून भजन न येणं म्हणजे नदीकाठी राहून पोहता न येण्यासारखं! तिवशाहून अमरावतीकडे निघालं की मोझरी लागते. तिथे १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारला. त्यांचे गुरू आडकोजी महाराज वरखेडचे, तेही आमच्याच तालुक्यातले. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि हातात खंजिरी. दादांच्या हातात खंजिरी आली ती वयाच्या बाराव्या वर्षी.

दादांकडे एक जुना माइक आहे. क्रिस्टल माइक. मंडळाने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मोडीत काढला तेव्हा दादांनी तो मागून घेतला आणि माजघरातल्या मातीच्या जाड भिंतीच्या कोनाड्यात फडक्यात बांधून ठेवला. म्हणूनच तो वाचला असावा. त्यात रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. दाब पडला की तो वीज तयार करतो, पण पंचावन्न अंशांच्या आसपास उष्णता गेली की कायमचा निकामी होतो. वैशाखात आमच्याकडे पत्र्याखाली ठेवलेल्या वस्तूचं काय होतं ते वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको.

नातू इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. सुट्टीत आला तो एक तळहाताएवढा हिरवा बोर्ड घेऊन. 'आबाजी, हा क्लास डी ॲम्प्लिफायर. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, गरम होत नाही.' मी आपला मास्तरी विनोद केला, की 'ड' तुकडीतला का? आमच्या वेळी 'ड' तुकडी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तर तसं काही नाही. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर आलं इतकंच. डी म्हणजे डिजिटलसुद्धा नव्हे.

पुण्यतिथीला या बोर्डावर दादांचा माइक लावायचा असं ठरलं. नातवाने जोडणी केली, दादा माइकसमोर बसले, खंजिरी उचलली आणि गायला लागले. स्पीकरमधून खंजिरीच्या झांजा छुनछुन ऐकू आल्या. दादा मात्र जवळजवळ नाहीतच! जो काही आवाज आला तो डब्याचं झाकण खरवडल्यासारखा. दादा थांबले. खंजिरी खाली ठेवली. म्हणाले, 'खंजिरी गाऊन राह्यली अन् मी नुस्ता बसून हाये. उमर झाली रे बापू, आवाज गेला आता.' आणि उठून आत गेले. दोन दिवस प्रार्थनेलाही नुसते मागे बसले.

मला ते लागलं. आवाज गेलेला नव्हता. ओसरीवर बसून ते गुणगुणायचे तेव्हा मला अंगणात नीट ऐकू यायचं. मग हा मधेच गडप कुठे होत होता?

इथे थोडं मागे जाऊ. पूर्वी मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सोय माणसांचीच होती. बुवा एक ओळ म्हणायचे आणि मागचे धृपद धरणारे ती उचलून पुढे ढकलायचे. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि सगळी सभा उत्तर द्यायची. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भोंगा जोडून जाहीर कार्यक्रमाला आवाज मोठा करून दाखवला. आपल्याकडे गांधीजी आणि नेहरूंचे जुने फोटो पाहा, पुढ्यातल्या माइकवर अनेकदा 'शिकागो रेडिओ' असं नाव दिसतं. मला लहानपणी वाटायचं, एवढं अमेरिकेहून आणलं! कंपनी आपल्याच मोटवाने कुटुंबाची, नाव तेवढं शिकागोचं.

आमच्या गावात भोंगा आला तो पन्नासच्या दशकात. लिंबाच्या झाडाला बांधलेला, खाली मोटारीची बॅटरी आणि लाकडी पेटीत लालसर उजेड पाडणारे व्हॉल्व्ह. मी सात-आठ वर्षांचा असेन. भजनापेक्षा त्या पेटीकडेच आम्हा पोरांचं लक्ष. हा व्हॉल्व्ह तसा उधळ्या, पेटायलाच वीज खायचा आणि त्याला शेकडो व्होल्ट लागायचे. पण त्याच्यात एक मोठा गुण होता. त्याच्या दारातून, म्हणजे ग्रिडमधून, आत जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. त्याचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त ठेवता येतो. माइककडून तो काही मागत नसे.

हे 'मागणं' मला कळायला वेळ लागला. शेवटी मीच माझ्यासाठी एक दाखला शोधला. उन्हाळ्यात वर्धा नदीच्या वाळूत झिरा खणतात ना, तसा क्रिस्टल माइक आहे. पाणी आहे, पण पाझरतं हळू. त्याची पातळी पाहायची तर काडी बुडवून पाहावी. बादली घालून पाहाल तर पाहता पाहता झिराच रिकामा होईल आणि तुम्ही म्हणाल, पाणी नव्हतंच. व्हॉल्व्ह काडी बुडवायचा. नातवाचा बोर्ड बादली घालत होता.

नातवाने वहीवर आकडेमोड करून दाखवली. बोर्डावरची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, टीपीए३११६. आवाज किती पट वाढवायचा ते तिच्यात ठरवता येतं, पण जितकी पट जास्त तितका दाराचा रोध कमी. दहा पटीला (२० डेसिबल) ६० हजार ओहम, आणि सुमारे ६३ पटीला (३६ डेसिबल) फक्त ९ हजार. माइक कमजोर म्हणून त्याने ६३ पट लावलेली. क्रिस्टल माइक हा विजेच्या दृष्टीने एक बारीकसा कपॅसिटर, दीड हजार पिकोफॅरड धरा. असा माइक ९ हजार ओहमवर टाकला की सुमारे ११,८०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. झांजांचा सहा हजारांच्या आसपासचा छुनछुनाट जवळजवळ निम्मा उरतो. दादांचा खर्जातला दीडशे हर्ट्झचा सूर मात्र ऐंशीत एक भाग! खंजिरी गात होती ती यामुळे. दादा तिथेच होते, पण दारावरच अडवले गेले होते.

ही अडचण खरं तर क्लास डीच्या आधीची. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर सापडला आणि पुढे त्याने व्हॉल्व्हला हटवलं. पण हा नवा गडी दारात प्रवाह मागणारा. म्हणून त्याच्यापुढे एक टप्पा जोडायची पद्धत पडली. तो आवाज वाढवत नाही. फक्त आलेल्या माणसाला न अडवता आत घेतो आणि आतल्या दांडग्याला पुरेल एवढ्या जोराने पुढे देतो. यालाच बफर म्हणतात. भजनातले धृपद धरणारेच की! बुवाचा सूर बदलायचा नाही, फक्त आपल्या छातीच्या जोरावर पुढे न्यायचा.

क्लास डीची कल्पनाही जुनी, पन्नासच्या दशकातली. जुना ॲम्प्लिफायर म्हणजे पंख्याचा तो जुना जाड रेग्युलेटर. हळू फिरवायचं तर उरलेली वीज स्वतःच्या पोटात जाळणार आणि तापणार. क्लास डी वीज अर्धवट सोडतच नाही. पूर्ण चालू, पूर्ण बंद, सेकंदाला चार-चार लाख वेळा, आणि चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त करून आवाजाचा आकार काढायचा. शेवटी एक गुंडाळी आणि कपॅसिटर त्यातली कटकट गाळून टाकतात. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा संच विकायला काढला. दहा वॅटचा म्हणून, पण तितके तो देत नसे, कारण त्या वेळचे ट्रान्झिस्टर एवढ्या झपाट्याने चालू-बंद होऊ शकत नव्हते. वेगवान मॉसफेट आल्यावर गाडी रुळावर आली. बेल्जियमच्या ब्रुनो पुटझेस यांनी फिलिप्समध्ये असताना, या शतकाच्या सुरुवातीला, अशी मांडणी केली की ध्वनिशौकीनही या 'ड' तुकडीला मान देऊ लागले. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. ज्यांनी बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर कार्यक्रम काढले आहेत त्यांना याची किंमत कळेल.

मात्र यशाबरोबर वादही आला. आतला ॲम्प्लिफायर इतका स्वच्छ झाला की लोक दारावरच्या बफरवरून भांडू लागले. कोणता ऑप-ॲम्प लावला तर आवाज 'मोकळा', कोणता लावला तर 'कोरडा'. आमचा नातूही त्यातला. त्याने सॉकेट असलेला छोटा बफर बनवला आणि त्यात आलटून पालटून लावायला तीन चिप्स आणल्या : टीएल०७२, ओपीए२१३४ आणि एनई५५३२. शेवटचीला ध्वनिमुद्रणाच्या जगात फार मान, असं त्याचं म्हणणं.

आधी हे सांगतो, की बफर लावल्याबरोबर दादांचा आवाज आला. दाराचा रोध आता दहा लाख ओहम, त्यामुळे आवाजाची उतरण शंभराच्या थोडी वर सुरू होत होती. मी दादांना हाताला धरून बाहेर आणलं. ते 'नको' म्हणत होते. एक ओळ म्हणाले. स्पीकरमधून छातीचा आवाज आला आणि ते दचकून स्पीकरकडेच पाहायला लागले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'आता दादाजी वाटतात!' दादा हसले आणि नातवाला म्हणाले, 'काऊन रे, त्या दिवशी कुठी ठेवलं होतं मले?'

मग आमची परीक्षा. मधे जुनी चादर टांगली. नातवाचा मित्र पलीकडे चिप बदलणार आणि आम्ही ओळखायचं. टीएल आणि ओपीए या दोघींमध्ये नातवाला चादर टांगण्याआधी 'पडदा उघडल्यासारखा' फरक वाटत होता. चादर टांगल्यावर बारापैकी सात वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी सहा येतातच. माझे कान सत्तरीपारचे, वरच्या पट्टीतलं मला ऐकूच येत नाही, तेव्हा माझे गुण सांगत नाही. पण नातवाचे कान विशीचे आहेत.

गंमत झाली ती नामांकित ५५३२ची. गाणं चालू असताना तिच्यातही कुणाला फरक कळला नाही. गाणं थांबवून स्पीकरच्या कापडाला कान लावला तर मात्र एक जाड घरघर होती, जी बाकी दोघींत नव्हती. कारण नातवाने शोधलं. टीएल आणि ओपीएच्या दारात फेट असतो, तो काडी बुडवणारा. ५५३२च्या दारात साधा ट्रान्झिस्टर. तिचा स्वतःचा बारीकसा प्रवाह सतत थरथरत असतो. स्टुडिओतल्या कमी रोधाच्या माइकपुढे ती थरथर जाणवतही नाही, तिथे तीच सर्वांत शांत. पण क्रिस्टलसारख्या मोठ्या रोधाच्या माइकवर तीच थरथर खडखडाट होऊन उठते. म्हणजे टीएलसारखी जुनी, स्वस्त चिप आमच्या कामाला तिच्यापेक्षा बरी निघाली, आणि तिकडे स्टुडिओत हीच टीएल मागे पडली असती. चाळीस वर्षं वर्गात उभा राहून मी 'हुशार' आणि 'ढ' असे शिक्के मारत आलो, आणि समोर कोण बसलंय ते किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे! असो.

नातवाचं आणि माझं एका गोष्टीवर अजून एकमत नाही. तो म्हणतो, चांगल्या स्पीकरवर दोन फेटमधला फरक कळेलच. मी म्हणतो, चादर टांग आणि कळव.

आता घरघर एवढी बारीक, तर तिचा बाऊ कशाला, असं तुम्ही म्हणाल. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला मोझरीत त्या क्षणी लाखो माणसं मौन पाळतात आणि आसपासच्या गावांतही लोक जिथे असतील तिथे थांबतात. मोठ्या मैदानावर आमच्यासारख्यांच्या बोर्डाला काम नाही. पण आमच्या मंडळाची जेमतेम साठ-सत्तर माणसं देवळासमोर बसतात, अगदी स्पीकरला टेकून.

कोजागिरीनंतरची ती पंचमी. बारा व्होल्टची बॅटरी, हिरवा बोर्ड, टीएल०७२ आणि फडक्यातून काढलेला माइक. पाचला दोन मिनिटं कमी असताना सगळे उभे राहिले. नातू माइक बंद करायला वाकला तर दादांनी हातानेच 'राहू दे' अशी खूण केली. शांतता पडली. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. मग लिंबावर एक चिमणी बोलली आणि ती स्पीकरमधून दुसऱ्यांदा ऐकू आली. पुढच्या रांगेतलं एक पोर खुदकन हसलं, त्याच्या आजीने त्याला चिमटा काढला.

मौन सुटलं आणि दादांनी खंजिरी उचलली.