पुंज, पुडी आणि कृष्णविवर

पुण्याच्या महाविद्यालयांत भौतिकी शिकणारा विद्यार्थी पदवीच्या वर्षांत केव्हातरी ‘मॉडर्न फिजिक्स’ या विषयापाशी येऊन ठेपतो. पुढची वाट ठरलेली असते : तापलेल्या कृष्णवस्तूचे प्रारण, प्रकाशविद्युत परिणाम, बोरचा अणू, द ब्रॉग्लीचे द्रव्यतरंग, हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर, जोडीला आइनस्टाइनची सापेक्षता. यांतील बहुतेक सारे १९०० ते १९२७ या काळात युरोपात घडले. त्याला शंभर वर्षे होत आली, तरी नाव ‘आधुनिक’च राहिले, जशी आपली मर्ढेकरांनंतरची कविता अजून ‘नव’कविताच आहे.

आम्ही मराठी शिकवतो. तरी या विषयात लक्ष घालावेसे वाटते, ते त्यात भाषेच्या इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे म्हणून. दहावीपर्यंत बलाचे आणि प्रकाशाचे नियम मराठीतून शिकलेला विद्यार्थी या वर्गात बसतो, तेव्हा व्याख्यान, पाठ्यपुस्तक, उत्तरपत्रिका यांतून मराठी पुरती नाहीशी झालेली असते. हे असे कसे झाले?

उत्तर बरेचसे कालक्रमात आहे. न्यूटनची भौतिकी महाराष्ट्रात आली तेव्हा मराठी गद्य नुकते अंग धरत होते, आणि पाश्चात्त्य विद्या मराठीत आणणे हेच त्या पिढीचे काम होते. केरो लक्ष्मण छत्रे हे त्या पिढीचे ठळक उदाहरण. कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झालेले केरूनाना पुण्यात गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवीत. टिळक त्यांचे विद्यार्थी. त्यांनी अंकगणितावर आणि पदार्थविज्ञानावर मराठीत शालेय पुस्तके लिहिली. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ १८६० सालचा. गुरुत्वाकर्षण, वेग, उष्णता, घनता हे शब्द आज कोणालाच ‘परिभाषा’ वाटत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ते शाळेच्या वर्गांत मोठ्याने बोलले गेले आहेत.

पुढचे चित्र निराळे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली. महाविद्यालयीन विज्ञानाची भाषा इंग्रजी, हे तोवर पक्के झाले होते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये प्लांकने आपली कल्पना मांडली, तेव्हा तिला पुण्यात मराठीचा दरवाजा उघडा मिळणे शक्यच नव्हते. उच्च शिक्षण मातृभाषेतून देता येते, हे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढून दाखवले खरे. परंतु विज्ञान महाविद्यालयांनी तो मार्ग धरला नाही. १९२८ पासून पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले. त्याने मराठीतले विज्ञान जिवंत ठेवले, पण वर्गाबाहेर. १९४९ साली पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. भौतिकीच्या वर्गाची भाषा मात्र तीच राहिली.

म्हणजे जुन्या भौतिकीला मराठीत आधी वर्ग मिळाला आणि कोश मागून आला. नव्या भौतिकीच्या वाट्याला कोश आला, वर्ग आलाच नाही. वाईहून १९७६ पासून २०१५ पर्यंत निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांत या विषयावर भरघोस नोंदी आहेत. ‘क्वांटम मेकॅनिक्स’ला तिथे ‘पुंजयामिकी’ म्हटले आहे. शब्द रेखीव आहे, परंतु फळ्यासमोर उभे राहून कोणी तो वापरला नाही आणि मागच्या बाकावरून कोणी त्याला शंका विचारली नाही.

शंका विचारली गेली असती तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. ‘पुंज’ म्हटले की मराठी कानाला तारकापुंज आठवतो, तेजःपुंज आठवतो : अनेकांचा समूह. प्लांकला म्हणायचे होते ते जवळजवळ उलट. ऊर्जेचा असा किमान वाटा, की ज्याचे आणखी तुकडे करून देवघेव होत नाही. वर्गात हा शब्द घासला गेला असता, तर एखाद्या शिक्षकाने वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवले असते. साखर सुटी मिळणार नाही, पुड्याच घ्याव्या लागतील, अर्धी पुडी नाही. पुडी केवढी, हे प्रकाशाच्या रंगावर ठरते : तांबड्याची लहान, जांभळ्याची मोठी. एखाद्या धातूतला इलेक्ट्रॉन सोडवायला मोठी पुडी लागत असेल, तर लहान पुड्यांचा ढीग ओतून काही होत नाही. म्हणून मंद जांभळा प्रकाश जे करतो, ते तिथे भगभगीत तांबड्याला साधत नाही. आइनस्टाइनने १९०५ साली प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा केला तो याच धर्तीवर.

‘सापेक्षता’ची गत आमच्या वर्गांतच अधिक बिघडते. ‘सत्य सापेक्ष असते’ असे लिहून समीक्षेचे विद्यार्थी खुशाल आइनस्टाइनचा दाखला देतात. प्रत्यक्षात १९०५ चा सिद्धांत उभा आहे तो न बदलणाऱ्या दोन गोष्टींवर : एकसमान गतीने चालणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच, आणि निर्वातातील प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, सर्वांना तोच. ते दोन्ही अढळ ठेवायचे, म्हणूनच काळ आणि लांबी यांना नमते घ्यावे लागते. ‘अनिश्चितता’ या शब्दाचेही असेच. हायझेनबर्गचे तत्त्व मनाच्या द्विधेविषयी काही सांगत नाही. कणाचे स्थान आणि संवेग या दोहोंना एकाच वेळी किती काटेकोरपणे अर्थ असू शकतो, त्याची मर्यादा ते सांगते. वर्गात न रुळलेले शब्द असे भलत्याच घरी जाऊन राहतात.

मग वर्गावाचून शब्द जगतच नाही का? एक उदाहरण याच्या विरुद्ध साक्ष देते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. ‘ब्लॅक होल’साठीचा हा शब्द आज वर्तमानपत्राच्या मथळ्यात स्पष्टीकरणाशिवाय छापता येतो. पुण्यात १९८८ साली आयुका उभारणारे नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. संमेलनाचे अध्यक्षपद हा त्यांचा गौरव होताच. आम्हांला त्यात साहित्याने मान्य केलेले एक ऋणही दिसते. ‘पुंजयामिकी’ कोशात राहिली आणि ‘कृष्णविवर’ घरोघरी गेले, कारण त्याला कथा मिळाली, लेख मिळाले, भाषणे मिळाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर उच्च शिक्षण भारतीय भाषांतून देण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होतील, सूचीही निघतील. परंतु शब्दाची पुडी सोडून दाखवणारे गद्य समित्या लिहीत नसतात. भौतिकीचा शिक्षक आणि मराठीचा शिक्षक एकाच इमारतीत, बहुधा एकाच चहाच्या टेबलाशी बसतात. केरूनानांच्या काळी ही दोन माणसे वेगळी नव्हती. आता वेगळी झाली आहेत, तर निदान त्यांनी एकमेकांना ‘पुंज म्हणजे नेमके काय हो?’ एवढे तरी विचारावे.