सँडविच, मुंबई पद्धतीचे

पांढऱ्या स्लाइस ब्रेडमध्ये लोणी, हिरवी चटणी व भाज्यांच्या चकत्या घालून केलेला पदार्थ. मुंबईच्या हातगाड्यांवर तो रूढ झाला. घरी तो साधारण पंधरा मिनिटांत होतो, मात्र बटाटा आणि बीट आधी उकडून पूर्ण गार केलेले हवेत.

इतिहास : इंग्लंडमध्ये सँडविचचा उल्लेख इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ च्या रोजनिशीत आढळतो. मुंबईतील पहिल्या गाडीबाबत एकमत नाही.

चटणी : कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, थोडे आले, जिरे व मीठ बर्फाच्या पाण्यात वाटतात. वाटताना मिश्रण तापले की रंग काळपट होतो. लिंबामुळेही हिरवा रंग हळूहळू उतरतो, म्हणून ते शेवटी पिळतात. चटणी पातळ ठेवू नये. दाटपणासाठी डाळे किंवा ब्रेडचा तुकडा वाटणात घालतात. काही घरांत पुदिनाही घालतात.

रचना : सँडविच बिघडते ते बहुधा पाण्याने. काकडी व टोमॅटोवर मीठ पडताच त्यांना पाणी सुटते आणि ब्रेड भिजून लगदा होतो. यावर उपाय म्हणजे लोणी. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असल्याने त्याचा थर पाणी अडवतो. त्यासाठी मऊ लोणी दोन्ही स्लाइसवर थेट कडेपर्यंत लावावे लागते. मधोमध लावलेले लोणी चवीपुरतेच उपयोगी. त्यावर चटणी, मग बटाट्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. बटाटा थोडा ओलावा शोषतो, म्हणून तो खाली. बीट मध्ये ठेवल्यास ब्रेड लाल होत नाही. त्यानंतर काकडी, कांदा आणि बिया काढलेला टोमॅटो. प्रत्येक थरावर सँडविच मसाला भुरभुरतात; त्यात जिरे, मिरी, बडीशेप, दालचिनी, आमचूर व काळे मीठ असते. मसाल्यातल्या मिठानेही पाणी सुटत असल्याने मसाला टाकल्यावर लगेच वरची स्लाइस ठेवून हलके दाबतात. गाड्यांवर थरांचा क्रम सर्वत्र हाच असतो असे नाही. ब्रेडच्या कडा काढणे ऐच्छिक आहे; काढायच्या असल्यास भरल्यानंतर धारदार सुरीने काढाव्यात.

भाजणे : बाहेरून लोणी लावून हँड टोस्टरमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू तांबूस करतात. आच मोठी असेल तर ब्रेड करपतो आणि आतला बटाटा गारच राहतो. गाडीवर सहा तुकडे करून त्यांवर शेव व टोमॅटो केचप देतात.

प्रकार : साधे, टोस्ट, चीज व जैन. जैन सँडविचमध्ये कांदा, बटाटा व बीट वगळून कच्चे केळे घालतात.

साठवण : भरलेले सँडविच ठेवण्याजोगे नसते. डब्यासाठी टोमॅटो व काकडी वेगळी द्यावी.