'सर' कोणाचा?

मी कधी शाळेत शिकवलं नाही. बारावीनंतर स्वतः शिकलोही नाही. तरी लोह्याच्या बसस्थानकापासून घरापर्यंत चारजण तरी 'नमस्कार सर' म्हणतात. वडील १९४८पूर्वी, निजामी अमलात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या लेखी सर म्हणजे डोकं, म्हणून शाळेतला मुख्य माणूस 'सर'. मला ते पटलं आणि एका स्मरणिकेत मी तसं छापूनही टाकलं.

पुरावा भरपूर वाटला होता : सरदार, सरनौबत, सरदेशमुखी, सरकार. हा फारसी 'सर' आपल्या संस्कृत 'शिरस्'चा भाऊबंदच. मोत्यांचा सर निराळा, तो संस्कृतातला. पावसाची सर (आमच्याकडे हुलकावणी देणारी) आणि 'त्याची सर याला नाही' यातली सर, या दोघी तर स्त्रीलिंगी.

शाळेतला सर मात्र इंग्रजी. मूळ लॅटिन 'सेनिऑर', म्हणजे वयाने मोठा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना त्याचा 'सायर' आणि पुढे 'सर' झाला. संस्कृतातला 'सन', म्हणजे जुना, हा त्याच कुळातला; 'सनातन'मध्ये तो आजही नांदतो.

इंग्रजांचा किताब नावाआधी बसे. १९११ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर 'सर भांडारकर' झाले. आज ते वर्गावर असते तर 'भांडारकर सर' झाले असते! गुरुजी, मास्तर नावानंतर जिथे बसत, तीच जागा मराठीने नव्या पाहुण्याला दिली.

तेव्हा स्मरणिकेतलं ते वाक्य मी मागे घेतो. वडील असते तर भांडले असते.