‘स्टिंकी’ : पाण्यात तिसरा, स्पर्धेत पहिला

१/ जून २००४. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठाच्या तरणतलावात पाण्याखालील यंत्रमानवांची स्पर्धा भरली होती. वरच्या, म्हणजे महाविद्यालयीन गटात अमेरिकेतील विख्यात एमआयटीचा संघ होता. त्याच गटात फीनिक्सच्या कार्ल हेडन या सरकारी शाळेतील चार मुलेही उतरली होती. हरायचेच असेल तर मोठ्यांकडून हरावे, असा त्यांचा हिशेब!

२/ ऑस्कर वास्केझ हा संघनायक. सोबत क्रिस्तियान अर्सेगा, लोरेन्सो सांतियान आणि लुईस अरांदा. सर्व जण मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतले. ऑस्करकडे तर अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रेही नव्हती. फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन हे त्यांचे शिक्षक.

३/ हाताशी सुमारे ८०० डॉलर. म्हणून सांगाडा नळकामाच्या पीव्हीसी पाइपांचा केला. चिकटवण्याच्या द्रवाला उग्र दर्प येई. त्यावरूनच यंत्राचे नाव पडले ‘स्टिंकी’, म्हणजे दुर्गंधीवाला.

४/ आता खरी रचना पाहा. पाइपांत कोंडलेल्या हवेमुळे यंत्र तरंगणार, तेव्हा ते बुडवण्यासाठी वजन हवे. मुलांनी जड बॅटरीच जलरोधक पेटीत घालून यंत्रावर बसवली. वजनाचा प्रश्न मिटला. शिवाय काठावरून वीज नेणारी जाड केबलही नको झाली. धोका एकच : पेटी गळली की सारे संपले.

५/ आणि पेटी गळलीच, तीही ऐन स्पर्धेच्या तोंडावर. पाणी शोषून घेईल असे काय घालावे? लोरेन्सो दुकानात जाऊन टॅम्पॉन घेऊन आला. उपाय लागू पडला.

६/ बुडालेल्या पाणबुडीच्या प्रतिकृतीवर कामगिऱ्या पार पाडायच्या होत्या. पाण्यातल्या गुणांत ‘स्टिंकी’ तिसरा आला. एमआयटी पुढेच होती. मग विजय कसा मिळाला?

७/ परीक्षकांसमोर प्रत्येक संघाला आपल्या रचनेचे समर्थन करावे लागे. पाण्यात प्रकाशाचा वेग घटतो, म्हणून लेझरने मोजलेल्या अंतरात किती दुरुस्ती करावी लागते, हेही या मुलांनी नेमके सांगितले. रचना आणि तांत्रिक लेखन या दोन्हींचे पुरस्कार त्यांना मिळाले आणि एकूण गुणांत ते पहिले आले.

८/ पुढचा इतिहास मात्र कडू आहे. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतली. ऑस्करने तरीही २००९ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. पण कायद्याने नोकरी करता येईना. तो स्वतःहून मेक्सिकोला परतला. त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली.

९/ सिनेटर डिक डर्बिन यांच्या प्रयत्नांनी २०१० मध्ये ती उठली. ऑस्कर परतला, अमेरिकी सैन्यात भरती झाला आणि अफगाणिस्तानात लढला.

१०/ परीक्षकांनी मुलांना विचारले, हा भाग इथे का? प्रत्येक भागाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. ज्याने ते यंत्र उभे केले, त्याला देशात जागा का नाही, याचे उत्तर मात्र वर्षानुवर्षे कुणी दिले नाही.